कल्हईची गोष्ट आणि वाकणारी सर्किटं: सोनं, चांदी की अ‍ॅल्युमिनियम?

आमच्या आजीकडे पितळेचं एक मोठं पातेलं होतं आणि त्यात आमटी करायची म्हणजे आधी आत डोकावून बघायचं, कल्हई शाबूत आहे ना. चिंच, कोकम, ताक असलं काही आंबट उघड्या पितळेला लागलं की कळकतं, मग ते खाण्यालायक राहत नाही. म्हणून कल्हईवाला आला की भांडी बाहेर निघायची, तो भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथील फिरवलं की आतून सगळं चंदेरी. पातेलं पितळेचंच, वजन तेच, पण आमटीला आता जे लागतंय ते वेगळं. हे पातेलं जरा लक्षात ठेवा, कारण आज ज्या विषयावर लिहितेय त्यात शेवटी हीच भानगड आहे, फक्त आमटीच्या जागी कार्बनच्या रेणूंची एक फिल्म आहे आणि पातेल्याच्या जागी सोन्याचा किंवा चांदीचा काही नॅनोमीटर जाडीचा थर.

विषय असा की घडी होणारे फोन, अंगावर चिकटवायचे सेन्सर, गुंडाळता येणारे डिस्प्ले, या सगळ्यात ऑर्गॅनिक सेमीकंडक्टर, म्हणजे वीज हवी तेव्हा वाहू देणारे आणि हवी तेव्हा अडवणारे पदार्थ, वापरतात किंवा वापरायचा प्रयत्न चाललाय. ऑर्गॅनिक म्हणजे इथे शेतीतलं ऑर्गॅनिक नाही, कार्बनवर आधारलेलं एवढाच अर्थ. त्याबद्दल वाचायला गेलं की सगळे त्या रेणूचंच कौतुक करतात, नवा रेणू आला, नवा पॉलिमर आला. पण त्या फिल्मला दोन्ही टोकांना कुठला धातू लावलाय यावर डिव्हाइस चालणार की नुसतं पडून राहणार हे कितीतरी वेळा ठरतं, आणि याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही.

आधी थोडं मागचं. प्लास्टिकसारखा पदार्थ वीज वाहून नेऊ शकतो हे १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवलं, २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर जे रेणू पुढे आले त्यातला अभ्यासकांचा जुना लाडका म्हणजे पेंटासीन, बेंझिनच्या पाच कड्या एका ओळीत जोडलेल्या, लांबट पट्टीसारखा रेणू. सिलिकॉनमध्ये प्रत्येक अणू शेजारच्याला घट्ट बांधलेला असतो, इथे तसं नाही, रेणू एकमेकांशेजारी नुसते रचून ठेवल्यासारखे असतात, मधली ओढ अगदी हलकी. म्हणून तर हे पदार्थ कमी तापमानाला प्लास्टिकवर बसवता येतात आणि वाकवता येतात. पण त्याची किंमत पण मोजावी लागते, चार्ज एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. चार्ज किती सहज पळतो त्याला मोबिलिटी म्हणतात, चांगल्या सिलिकॉन क्रिस्टलमध्ये इलेक्ट्रॉनची ती १४००च्या आसपास असते, पेंटासीनच्या फिल्ममध्ये साधारण १, एकक दोन्हीकडे तेच.

आता खरा मुद्दा. सिलिकॉनच्या चिपमध्ये धातू जिथे टेकतो तिथे सिलिकॉनमध्ये मुद्दाम भरपूर भेसळ करतात, डोपिंग म्हणतात त्याला, मग धातू कुठलाही असला तरी चार्ज बऱ्यापैकी सुखानं आत जातो. ऑर्गॅनिक ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या बारक्या स्विचच्या, फिल्ममध्ये सहसा असं डोपिंग नसतं. तिच्याकडे स्वतःचा चार्ज जवळजवळ नाहीच, जो काही येणार तो धातूतूनच. म्हणजे दार एकच, आणि त्या दाराचा उंबरा किती उंच आहे हे धातू ठरवतो.

उंबरा म्हणण्यापेक्षा लोकलचं उदाहरण घ्या. प्लॅटफॉर्म आणि डब्याचा फूटबोर्ड एका पातळीवर असेल तर माणसं सहज चढतात, प्लॅटफॉर्म खाली आणि डबा वर असेल तर तेवढ्याच वेळात चढणारी माणसं कमी होतात. धातूचा प्लॅटफॉर्म किती उंचीवर आहे ते सांगणाऱ्या आकड्याला वर्क फंक्शन म्हणतात, म्हणजे धातूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते, आणि तो इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. पुस्तकातले आकडे साधारण असे: कॅल्शियम २.९, मॅग्नेशियम ३.७, अ‍ॅल्युमिनियम ४.२, चांदी ४.३, तांबं ४.६ ते ४.७, सोनं ५.१, प्लॅटिनम ५.६. आकडा लहान म्हणजे धातू इलेक्ट्रॉन पटकन सोडतो. आकडा मोठा म्हणजे सोडत नाही, उलट रेणूकडूनच इलेक्ट्रॉन काढून घ्यायला तो बरा, आणि इलेक्ट्रॉन काढून घेतला की मागे जी रिकामी जागा राहते तिला होल म्हणतात, तीच मग पॉझिटिव्ह चार्जसारखी पुढे सरकत जाते. पेंटासीनमधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे सोनं एकदम जुळणारं, असं कागदावर तरी दिसतं.

आणि ही जुळणी थोडी जरी चुकली तरी फरक केवढा पडतो ते बघा. साध्या हिशोबानं, खोलीच्या तापमानाला उंबरा ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टनं वाढला की तो ओलांडणारा करंट दहा पटीनं घटतो. ०.३नं वाढला तर एक लाख पटीनं. खऱ्या फिल्ममध्ये रेणू थोडे वेडेवाकडे असतात, काही ठिकाणी मधल्या पायऱ्या मिळतात, त्यामुळे घसरण इतकी कडक नसते, तरी पण धातू बदलला म्हणून तीच फिल्म मेल्यासारखी वाटते ती यामुळेच.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ओएलईडीचं, म्हणजे वीज सोडली की स्वतः उजेड देणाऱ्या ऑर्गॅनिक फिल्मचं. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ ऑर्गॅनिक थर एकावर एक लावून १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर छान हिरवा उजेड पाडून दाखवला. दोन थर लावण्याची युक्ती मोठीच होती, पण मला त्यातला धातू जास्त आवडतो. एका बाजूला आयटीओ म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, पारदर्शक, होल आत सोडणारं. दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉन सोडणारा धातू हवा, म्हणजे वर्क फंक्शन कमी हवं, पण असे धातू हवेत टिकत नाहीत. त्यांनी मॅग्नेशियम घेतलं आणि दहा भागाला एक भाग चांदी मिसळली. इलेक्ट्रॉन द्यायचं काम मॅग्नेशियमचं, आणि चांदीमुळे ते मॅग्नेशियम ऑर्गॅनिक थरावर नीट बसायला लागलं आणि टिकायला लागलं. आजच्या फोनच्या ओएलईडी स्क्रीनमध्ये उजेड वरच्या बाजूनं बाहेर येतो, तिथेही आरपार दिसेल इतका पातळ मॅग्नेशियम-चांदीचाच थर वापरतात, फक्त प्रमाण बदललेलं असतं. म्हणजे तुम्ही हे वाचताय तो फोन असा असेल तर तुमच्या डोळ्यापर्यंत येणारा उजेड चांदीतून गाळून येतोय.

नंतर १९९७ मध्ये कोडॅकमधूनच अजून एक गोष्ट पुढे आली, साधं अ‍ॅल्युमिनियम घ्यायचं पण त्याच्या आणि ऑर्गॅनिक थराच्या मध्ये लिथियम फ्लोराइडचा जेमतेम अर्धा-एक नॅनोमीटरचा थर द्यायचा. लिथियम फ्लोराइड स्वतः वीज वाहत नाही, तरी इलेक्ट्रॉन आत जाणं एकदम सोपं झालं. आठवलं ना पातेलं? धातू तोच, वरचा हात वेगळा.

आता इथे गोष्ट गुंतायला लागते. वर जे आकडे दिले ते व्हॅक्यूममधल्या स्वच्छ धातूचे आहेत, आणि धातूवर रेणू बसला की तो आकडा तसा राहतच नाही. सोनं आणि पेंटासीन कागदावर जुळतात म्हटलं, पण प्रत्यक्षात मोजलं तर अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा उंबरा निघतो. का? तर धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अगदी काटेकोर रेषेत थांबत नाहीत, थोडे बाहेर ओसंडलेले असतात, दुधावर फेस यावा तसे. त्या ओसंडलेल्या ढगामुळेच धातूचं वर्क फंक्शन जास्त दिसत असतं. रेणू येऊन त्यावर बसला की तो ढग आत दाबला जातो, जसं उशीवर डोकं टेकलं की उशी दबते, आणि वर्क फंक्शन ०.५ ते १ इलेक्ट्रॉन-व्होल्टनं खाली येतं. म्हणजे ५.१चं म्हणून विकत घेतलेलं सोनं रेणूच्या नजरेतून ४.४ वगैरे असतं!

याचा छान पडताळा २००३ च्या सुमारास प्रिन्स्टनच्या गटानं घेतला. त्यांनी सोन्याच्या बरोबरीनं पेडॉट-पीएसएस नावाचा वीज वाहणारा पॉलिमर घेतला, वर्क फंक्शन साधारण सोन्याएवढंच. तर पॉलिमरवर उंबरा सोन्यापेक्षा बराच कमी आला, कारण पॉलिमरच्या पृष्ठभागावर तो ओसंडलेला ढग नाहीच, दाबणार काय. अजून गमतीची गोष्ट म्हणजे हवेत ठेवलेल्या सोन्यावर हवेतल्या कार्बनच्या घाणीचा जो पातळ थर बसतो त्यानं काही रेणूंच्या बाबतीत उंबरा स्वच्छ सोन्यापेक्षा कमी झाला. म्हणजे घाणीनं उशी आधीच दाबून ठेवलेली होती, रेणूला नव्यानं दाबायला काही उरलंच नाही. लॅबमध्ये आपण स्वच्छतेचा इतका ध्यास घेतो आणि इथे थोडी घाण उपयोगी ठरली, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

इथपर्यंत फक्त ऊर्जेचं झालं, पण धातू अजून एक गोष्ट ठरवतो ती म्हणजे रेणू बसतात कसे. पेंटासीनची पट्टी काचेसारख्या ऑक्साइडवर उभी राहते, कपाटात पुस्तकं उभी लावावीत तशी, आणि एक थर साधारण दीड नॅनोमीटर उंच होतो. ट्रान्झिस्टरमध्ये चार्जला आडवं जायचं असतं, एका पुस्तकाच्या पानावरून शेजारच्या पुस्तकाच्या पानावर, तर ही उभी रचना त्याला सोयीची. पण स्वच्छ सोन्यावर तोच रेणू आडवा पडतो, कारण त्याचा चपटा भाग धातूला चिकटायला बघतो. आता विचार करा, सोन्याची पट्टी जिथे संपते आणि ऑक्साइड सुरू होतं त्या काठावर काय होत असेल, एकीकडे आडवे, दुसरीकडे उभे, मधे सगळा गोंधळ, बारीक बारीक दाणे. आणि चार्ज आत येणार तो नेमका याच काठावरून.

म्हणून या क्षेत्रात धातू आधी की फिल्म आधी हा प्रश्न फार महत्त्वाचा. धातूच्या पट्ट्या आधी टाकून वर फिल्म केली तर बॉटम काँटॅक्ट, फिल्म आधी करून वर धातू टाकला तर टॉप काँटॅक्ट. बॉटम काँटॅक्ट कारखान्याला सोयीचा, कारण नाजूक फिल्म सगळ्यात शेवटी येते आणि धातूच्या पट्ट्या नेहमीच्या पद्धतीनं एकदम बारीक कोरता येतात, पण त्यात काठाचा हा गोंधळ. टॉप काँटॅक्टमध्ये फिल्म आधीच नीट वाढलेली असते, आकडे सहसा चांगले येतात, पण मग तापलेल्या धातूची वाफ थेट त्या मऊ फिल्मवर आदळते.

बॉटम काँटॅक्टच्या दुखण्यावर जो उपाय सापडला तो म्हणजे शुद्ध कल्हई. चांदीचे पैंजण काळे पडतात ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, हे आपल्याला माहीत असतं. गंधकाला चांदी आवडते तसंच सोनंही आवडतं, फक्त सोनं काळं पडून दाखवत नाही. याच ओढीचा उपयोग करून थायॉल नावाचे रेणू वापरतात, एका टोकाला गंधक आणि पुढे शेपूट. सोन्याची पट्टी थायॉलच्या द्रावणात बुडवून ठेवली की गंधकाची टोकं सोन्याला घट्ट धरतात, शेपट्या बाहेर येतात आणि एका रेणूच्या जाडीचा गालिचा आपोआप तयार होतो, कोणी विणायची गरज नाही. २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी असा गालिचा घातलेल्या सोन्यावर पेंटासीन वाढवलं तर काठावरचा बारीक दाण्यांचा पट्टा निघून गेला आणि बॉटम काँटॅक्टचे ट्रान्झिस्टर बरेच सुधारले.

पुढे शेपटी कुठली घ्यायची यावर खेळ सुरू झाला. साधी हायड्रोकार्बनची शेपटी वर्क फंक्शन खाली आणते, फ्लोरीन लावलेली शेपटी वर नेते, म्हणजे एकच सोनं पण गालिचा बदलून त्याचा प्लॅटफॉर्म वरखाली करता येतो. यातलं सगळ्यात वापरातलं नाव पेंटाफ्लोरोबेंझिनथायॉल. २००८ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेतल्या आणि त्यांच्यासोबतच्या गटांनी दाखवलं की या थायॉलच्या सोन्यावर फ्लोरीन असलेला एक विरघळणारा रेणू ओतला की सोन्यावरून मोठे क्रिस्टल वाढायला लागतात आणि ते पट्टी ओलांडून काही मायक्रोमीटर चॅनेलमध्ये, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, शिरतात. दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर पुरेसं कमी असेल तर दोन्हीकडचे क्रिस्टल मध्ये भेटतात आणि चार्जला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगला रस्ता मिळतो. आधी धातूचा काठ फिल्म बिघडवत होता, तोच काठ आता फिल्म घडवायला लागला, मला हे या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

टॉप काँटॅक्टमध्ये वेगळी काळजी. ऑर्गॅनिक फिल्म मऊ, रेणूंमध्ये फटी, आणि सोनं-चांदीसारखे धातू कशाशी फारशी रासायनिक दोस्ती करत नाहीत, त्यामुळे त्यांचे सुटे अणू फटीतून खाली घुसत जातात. फिल्म फार पातळ असेल तर थेट दुसऱ्या बाजूपर्यंत जाऊन शॉर्टच. आपल्याला वाटतं धातू हळूहळू टाकला की फिल्मला इजा कमी, पण अगदी हळू टाकला तर एकटे अणू जास्त वेळ भटकतात आणि जास्त खोल जातात, जरा वेगानं टाकला तर ते वरच एकमेकांना भेटून गठ्ठा होतात आणि थांबतात, आणि फार वेगानं टाकायचं तर धातू वितळवायची वाटी जास्त तापवावी लागते आणि उष्णता फिल्मला लागते. अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम यांचं उलटं, ते रेणूंशी रासायनिक भांडण करतात, वरच्यावर प्रतिक्रिया होऊन अडकतात, खोल जात नाहीत, पण वरचे रेणू मात्र मोडून ठेवतात. म्हणून मध्ये मॉलिब्डेनम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर देतात. त्याचं स्वतःचं वर्क फंक्शन व्हॅक्यूममध्ये ६.५च्याही वर जातं, त्यामुळे त्याच्यावर स्वस्त अ‍ॅल्युमिनियम किंवा चांदी टाकली तरी होल सुखानं आत जातात.

स्वस्तचा मुद्दा छोटा नाही. फ्लेक्सिबल इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं स्वप्नच वर्तमानपत्रासारखं छापून स्वस्तात काढायचं आहे, तिथे सोनं परवडणार कसं. छपाईला मुख्यतः चांदीची शाई चालते, आपल्याकडे पुण्याच्या सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेत चांदीच्या पेस्टवर बरीच वर्षं काम झालंय, आणि आयआयटी कानपूरला फ्लेक्सिबल इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्रच आहे. चांदीचा ४.३ हा आकडा होलसाठी कमी पडतो, पण तिचा पृष्ठभाग थोडा ऑक्सिडाइझ केला की तो ५च्या आसपास जातो. २००६ मध्ये बीजिंगच्या चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसमधल्या गटानं चांदी आणि तांब्याच्या पट्ट्यांवर टीसीएनक्यू नावाच्या रेणूची प्रक्रिया केली आणि पेंटासीनचे बॉटम काँटॅक्ट ट्रान्झिस्टर सोन्याच्या तोडीस तोड चालवून दाखवले. चांदीचं एक दुखणं मात्र राहतं, दमट हवेत व्होल्टेज लावून ठेवलं की तिचे आयन सरकतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये झाडाच्या फांद्यांसारखे धागे वाढून शॉर्ट होतो, आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात हे विसरून चालणार नाही.

राहिलं वाकणं. शीट वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आणि किती ताणली जाते हे काढायला जाडी भागिले त्रिज्येच्या दुप्पट एवढं सोपं गणित आहे. १०० मायक्रोमीटरची शीट ५ मिलिमीटरच्या त्रिज्येत वाकवली तर ताण १ टक्का. आयटीओ काचेसारखा ठिसूळ, एक-दोन टक्क्यातच तडा. धातू ताणला जातो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पातळ धातूचा थर प्लास्टिकला नीट चिकटलेला नसेल तर तोही थोड्याच ताणात फाटतो. हार्वर्डच्या २००५ च्या प्रयोगात पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकला घट्ट चिकटलेली तांब्याची फिल्म १० टक्के ताणेपर्यंत म्हणावी तशी तडकली नाही. सोनं प्लास्टिकला धड चिकटत नाही, म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचे दोन-चार नॅनोमीटर देतात, पण मग पट्टीच्या काठाला हाच क्रोमियम उघडा राहतो आणि बॉटम काँटॅक्टमध्ये फिल्मला पहिला तोच लागतो, सोनं नाही. वाकण्यासाठी केलेली सोय चार्जच्या दारात येऊन बसते.

जाडीच कमी केली तर? २०१३ मध्ये टोकियोच्या सोमेया यांच्या गटानं सुमारे १ मायक्रोमीटर जाडीच्या प्लास्टिकवर ट्रान्झिस्टर केले, चौरस मीटरला ३ ग्रॅम वजन, कागदासारखं चुरगळलं तरी चालू. त्यातली धातूंची वाटणी बघण्यासारखी आहे. गेटला, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाला, अ‍ॅल्युमिनियम, कारण त्याच्या पृष्ठभागाचा ऑक्साइड करून पातळ इन्सुलेटर मिळवता येतो, आणि चार्ज आत सोडायला सोनं. एकाच ट्रान्झिस्टरमध्ये दोन कामं, दोन धातू.

पट्ट्यांमधलं अंतर कमी केलं की ट्रान्झिस्टर जलद होतो म्हणून सगळे ते कमी करायच्या मागे आहेत, ५० मायक्रोमीटरवरून १ वर आणलं तर चॅनेलचा रेझिस्टन्स ५० पट कमी, पण धातू आणि फिल्मच्या सांध्याचा रेझिस्टन्स होता तेवढाच राहतो. मग रेणू कितीही भारी असू दे, सगळा वेळ दारातच जातो. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतला क्लाउक यांचा गट गेली कित्येक वर्षं हा सांध्याचा रेझिस्टन्स खाली आणायच्या मागे लागलाय आणि त्यांच्या चांगल्या निकालांत पुन्हा तीच जोडी दिसते, बॉटम काँटॅक्टचं सोनं आणि वर पेंटाफ्लोरोबेंझिनथायॉलचा गालिचा.

इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या बाजूला २०१२ मध्ये जॉर्जिया टेकच्या गटानं असाच हात फिरवला, अमाइन गट असलेल्या एका साध्या पॉलिमरचा अतिपातळ थर दिला की सोनं, चांदी, आयटीओ, कशाचंही वर्क फंक्शन खाली येतं आणि हवेत पण बऱ्यापैकी टिकतं. तोपर्यंत या कामासाठी लोक कॅल्शियमकडे वळत आणि कॅल्शियमला पाण्याची वाफ जराही सहन होत नाही. आता त्याच्या या दुबळेपणालाच नोकरी मिळाली आहे. ओएलईडी झाकायच्या फिल्ममधून दिवसाला एका चौरस मीटरमागे साधारण ग्रॅमचा दहा लाखावा भाग एवढंच पाणी आत आलेलं चालतं, आणि इतकं कमी पाणी मोजायला त्या फिल्मच्या आड कॅल्शियमचा आरशासारखा पातळ थर ठेवतात आणि तो किती दिवसांत विरत विरत पारदर्शक होतो ते बघत बसतात.